पाण्याला रंग येताना

आमच्या मासवण गावात चहा डोळ्यांनी करतात. चुलीवर टोप चढवायचा, पाण्याला आधण आलं की चहापूड टाकायची, साखर किंवा गुळाचा खडा सोडायचा आणि बघत उभं राहायचं. पाणी आधी पिवळट होतं, मग तांबूस, मग त्यात एक गर्द लाली उतरते. ती लाली दिसली की टोप खाली येतो. दूध घरात असेलच असं नाही. असलं तरी या चहात कुणी ते शोधत नाही. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत जे पाडे आहेत, तिथे पाहुण्याच्या हातात येतो तो हाच कोरा चहा. स्टीलच्या पेल्यात असला तरी आपण आधी पेला थोडा तिरपा करून त्याचा रंग बघतो. चांगला झालाय की नाही हे तिथेच कळतं.

म्हणून काचेची किटली ही फक्त शहरातल्या हौशी घरांची वस्तू आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चहाचा रंग ओळखला, त्यांच्या घरात ती सगळ्यात जास्त शोभेल. दुधाच्या चहाला काचेचं काय काम? दूध पडलं की सगळे चहा एकाच बदामी रंगाचे होतात. काच बोलते ती कोऱ्या चहाशी.

मात्र तिच्यात कोणता चहा घालायचा हे आधी ठरवावं लागतं. आपल्या डब्यात असते ती दाणेदार चहापूड सीटीसी, म्हणजे ‘क्रश, टेअर, कर्ल’ पद्धतीची. १९३० च्या दशकात आसामात विल्यम मॅकर्चर यांनी या पद्धतीचं यंत्र आणलं. दातेरी रुळांमधून पान जातं, चिरडतं, फाटतं, वळतं आणि त्याचे बारीक दाणे होतात. दाणा बारीक, म्हणून रंग झटपट आणि कडक. उकळत्या दुधात, आलं ठेचून टाकलेल्या टोपात हा दाणा राजासारखा वावरतो. भारतात पिकणारा बहुतेक चहा आज असाच होतो आणि आपल्या जिभेला वळण लागलं तेही त्याचंच. पण हीच पूड काचेच्या किटलीत घातली तर बघायला काही उरत नाही. मिनिटभरात पाणी काळपट, तळाशी गाळ, आणि चव घशाला ओढणारी.

किटलीसाठी हवा तो सुटा, अख्ख्या पानाचा चहा. पान खुडायचं, सुकत घालून मऊ करायचं, वळायचं, हवेत ठेवून तांबूस होऊ द्यायचं आणि मग भट्टीत वाळवायचं. या जुन्या रीतीने केलेला. दार्जिलिंगचा, निलगिरीचा, कांगड्याचा. दार्जिलिंगच्या चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तसं मानांकन मिळवणारं ते देशातलं पहिलं उत्पादन. इकडे डहाणू-घोलवडच्या चिकूला ते २०१६ मध्ये मिळालं तेव्हा आमच्या पालघर जिल्ह्याला किती आनंद झाला होता! मातीचा आणि हवेचा गुण फळात उतरतो हे चिकूच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. चहाच्या पानाचंही तेच. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग फिकट सोनेरी उतरतो, मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा गडद, जरा फळाच्या वासाचा. निलगिरी उजळ, लालसर आणि स्वच्छ. हे तिन्ही एकदा शेजारी शेजारी काचेत ठेवून बघावेत.

आणि ते बघणं काय असतं! किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी. कोरडी पानं पोटात टाकावीत. ती काळी, वळलेली, काटकुळी दिसतात. उकळी येऊन क्षणभर निवलेलं पाणी वरून धार धरून सोडावं. पानं उसळून वर येतात, कारण त्यांच्या सुरकुत्यांत अडकलेली हवा त्यांना धरून ठेवते. मग बुडबुडे एकेक करून सुटतात आणि एकेक पान हळूच खाली निघतं. मध्येच थांबतं, गरम पाण्याच्या ओढीने परत वर जातं, पुन्हा उतरतं. प्रत्येक पानामागे रंगाची एक बारीक रेघ ओढली जाते. ती रेघ विरते, दुसरी येते, आणि थोड्या वेळात सगळ्या पाण्याचा रंग एक होतो. तोवर तळाशी वेगळंच काही घडलेलं असतं. काटकुळी पानं उलगडून पुन्हा पानं झालेली असतात. शिरा दिसतात, कडेचे दाते दिसतात, एखाद्या देठाला दोन पानं आणि मधली कळी अजून तशीच लागलेली दिसते. कुठल्या तरी डोंगरउतारावर कुणा बाईच्या बोटांनी ती खुडलेली असते. टोपात उकळणाऱ्या दाण्याने आपल्याला त्या बोटांची आठवण कधीच दिली नाही. काचेने दिली, म्हणून मला काच प्रिय आहे.

सकाळी पडवीत ऊन तिरपं येतं तेव्हा किटली उन्हात ठेवली की शेणाने सारवलेल्या जमिनीवर चहाच्या रंगाचा एक डाग पडतो आणि पाणी हललं की तोही हलतो. घरातली मुलं त्यावर हात धरतात.

काचेने गरम पाणी सोसावं ही तशी अलीकडची गोष्ट. साध्या काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं की आतला थर फुगतो, बाहेरचा फुगत नाही आणि काच तडकते. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉन मिसळून पाहिलं. ती काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने प्रसरण पावते, म्हणून तग धरते. आधी ती दिव्यांच्या चिमण्यांना आणि प्रयोगशाळांना गेली. स्वयंपाकघरात ती शिरली त्याची एक गोष्ट मला फार आवडते. १९१३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेतला आणि त्यात केक भाजून नवऱ्याच्या कचेरीत पाठवला. प्रयोगशाळेच्या काचेत चूल दिसली ती एका गृहिणीला. पुढे १९३१ मध्ये विल्हेल्म वागेनफेल्ड यांनी येनाच्याच कारखान्यासाठी पूर्ण काचेची चहाची किटली घडवली. पोट काचेचं, झाकण काचेचं, आतली गाळणीसुद्धा काचेची. तिच्यावर नक्षीचा ठिपका नाही. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक काचेच्या किटल्या तिच्याच लेकी-नाती आहेत. आपल्याकडे १९६२ मध्ये याच कॉर्निंगच्या साहाय्याने बोरोसिल सुरू झाली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांवरचं ते नाव हळूहळू ओट्यावरच्या भांड्यांवर आलं.

किटली घ्यायला जाल तेव्हा रूप शेवटी बघा, आधी तोटी बघा. तोटीचं टोक झाकणाच्या पातळीपर्यंत वर आलेलं हवं, नाहीतर किटली भरतानाच चहा बाहेर येतो. तोटीचा ओठ बारीक, जरा धारदार असावा. जाड, गोल ओठावरून धार मागे वळते आणि पोटावरून ओघळत टेबलावर येते. ही खोड इतकी जुनी आणि हट्टी की १९५६ मध्ये मार्कुस राइनर या शास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलं, आणि भौतिकशास्त्रात तिला किटलीचंच नाव मिळालं. पालघरच्या किंवा बोईसरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात उभं राहून ‘जरा पाणी भरून धार दाखवा’ म्हणायला लाजू नये. तांब्या घेताना आपण तो वाजवून बघतो, हंडा घेताना बूड टेकतं का ते बघतो. किटलीने धार दाखवावी एवढा तिच्यावर आपला हक्क आहे.

दुसरं, गाळणी. बऱ्याच किटल्यांत बोटभर रुंदीची जाळीची नळी लटकवलेली असते. पानं त्यात कोंबलेली राहतात, उलगडत नाहीत, आणि ज्यासाठी काच घेतली तेच दिसत नाही. पान भिजून कितीतरी पट फुगतं. त्याला पोटभर जागा द्यावी. माझं मत विचाराल तर आतली नळी नकोच. पानं पोटात मोकळी सोडावीत आणि तोटीच्या मुळाशी काचेच्या फटी किंवा तारेची गुंडाळी असावी, तेवढी पानं अडवायला पुरते. यात एक पथ्य आहे: केलेला चहा सगळा एकदम ओतून घ्यायचा. पानांवर पाणी उरलं की ते तुरट होत जातं. त्यासाठी किटली लहान हवी. दोघांना ४०० मिली पुष्कळ झालं. मोठी किटली अर्धी भरली की लवकर निवते आणि पूर्ण भरली की शेवटचा कप कडू होतो.

झाकणाबद्दल इथल्या हवेचा विचार करून सांगते. बांबूच्या झाकणाच्या किटल्या दिसायला देखण्या असतात, पण आमच्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते; बांबूचं झाकण फुगतं, काळं पडतं आणि त्याचा वास चहात उतरतो. झाकण काचेचंच घ्यावं, वाफेला भोक असलेलं, किटली कलती केली तरी न पडणारं. तळाशी मेणबत्ती ठेवायचं तबक मिळतं तेही घेऊ नये. त्या आचेवर पानं शिजत राहतात. आणि चहा मात्र काचेच्या बरणीत साठवू नका. उजेडाने त्याचा वास जातो आणि पावसाळ्यात तो सादळतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाच त्याला बरा.

चहा चाखणाऱ्यांचं माप १०० मिली पाण्याला २ ग्रॅम आणि सहा मिनिटं असं ठरलेलं आहे, पण ते चहाचे दोष उघडे पाडायचं माप. घरी त्याहून कमी पान आणि तीन मिनिटं घ्यावीत. अख्खं पान हलकं असतं, चमच्यात मावत नाही. पुडीच्या एका चमच्याच्या जागी त्याचे दोन लागतात. पुढचं माप इथल्या माणसांचंच: रंग बघायचा.

आणि पाणी. सूर्या नदी धामणीच्या धरणातून, कवडासच्या बंधाऱ्यावरून आमच्यापर्यंत येते आणि पुढे वैतरणेला मिळते. मासवणच्या उदंचन केंद्रातून उचललेलं सूर्येचं पाणी धुकटनला शुद्ध होऊन वसई-विरारला जातं. म्हणजे तिकडच्या कितीतरी इमारतींत सकाळचा चहा होतो तो आमच्या नदीच्या पाण्याचा. पाणी कसं आहे हे काचेची किटली लपवत नाही. बोअरच्या जड पाण्याचा चहा थोडा वेळ ठेवला की वर तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो आणि काचेला तपकिरी वळ पडतात. १९९३ मध्ये लंडनच्या मायकेल स्पायरो आणि देओग्रातियस जगान्यी या शास्त्रज्ञांनी त्या पापुद्र्याचा छडा लावला: पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून तो बनतो. हलक्या पाण्यात तो धरत नाही आणि लिंबाचे दोन थेंब पडले की मोडतो. लिंबू पडताच चहाचा रंगही झरकन उजळतो, हे तर समोर दिसतंच. किटलीवरचे वळही लिंबाची फोड आणि कोमट पाण्यानेच जातात. तारेच्या घासणीने काचेला चरे पडतात आणि पुढे चरा पडला तिथूनच ती तडकते. गरम किटली ओल्या ग्रॅनाइटवर टेकवू नये. खाली कापडाची घडी ठेवावी.

आता उरला गवती चहा. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं त्याचं बेट इथे जवळजवळ प्रत्येक घरामागे असतं. तो चहाच्या कुळातला नाही, गवताच्या कुळातला, पण पावसात भिजून आलेल्या माणसाला तो आधी आठवतो. डहाणू-बोर्डीच्या पारशी आणि इराणी घरांत पुदिन्याबरोबर त्याची पात दुधाच्या चहात पडते. काचेच्या किटलीत तो एकटा करून बघावा. पात धुवून बोटभर लांबीची कापायची, हाताने जरा चुरगाळायची म्हणजे तिचं तेल सुटतं, आणि कढत पाणी ओतून झाकायचं. रंग फार येत नाही, हिरवट सोनेरी झाक तेवढी येते. वास मात्र झाकण उचलताच सगळ्या पडवीत पोचतो. हा चहा कितीही वेळ ठेवला तरी कडू होत नाही, म्हणून नवी किटली हातात बसेपर्यंत त्याच्यावरच सराव करावा.

ज्यांच्या अंगणात हे बेट नाही त्यांनी मृगाच्या पावसात एक ठोंब लावावा. तीन-चार काड्या मुळासकट पुरतात. मासवणमध्ये तो विकत घ्यावा लागत नाही, कुठल्याही घरी मागितला की मिळतो.