अडकतंय कुठे?

"दादा, ग्राफिक्स कार्ड बसवायचंय, गेम लई अडकतोय." अनगर, कुरुल, पेनूरहून मोहोळला माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. कोणतं कार्ड, तेही ठरवूनच आलेली असतात. पैसे बहुधा वडिलांच्या उसाच्या बिलातून निघणार असतात, म्हणून मी घाई करत नाही. कॅबिनेट घेऊन ये, जो गेम अडकतो तो माझ्यासमोर खेळून दाखव, भावाचं नंतर बोलू, असं सांगतो.

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. समजा, ५९ फ्रेम पंधरा-पंधरा मिलिसेकंदांत आल्या आणि एकीनं शंभर घेतले. बेरीज ९८५. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा साठच्या वरच राहतो, पण डोळ्याला धक्का बसलेला असतो आणि नेमकी त्याच क्षणी समोरच्यानं गोळी घातलेली असते. म्हणून सरासरीवर माझा भरवसा नाही. मी आफ्टरबर्नर हे मोजणीचं सॉफ्टवेअर लावतो आणि फ्रेम टाइमची रेघ कुठे उसळते ते बघतो.

त्याच वेळी बाकीचे आकडेही दिसत असतात. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड खरंच दमलंय, नवं घ्यायला हरकत नाही. पण कार्ड ६० टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसरचा एखादा कोअर शंभरावर, असं दिसलं तर कितीही महागडं कार्ड लावा, पैसे वाया. खात्रीसाठी गेमचं रिझोल्यूशन ७२०पीवर आणतो. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डात. जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे वळायचं. या तपासणीला एक रुपया लागत नाही, आणि खरेदीच्या आधी ती करून घेणारे फार थोडे, याचं मला वाईट वाटतं.

पुष्कळदा रॅमची एकच पट्टी लावलेली सापडते. डीडीआर४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहते. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसल्या की दुप्पट. रायझन ५ ५६००जीसारख्या, वेगळ्या कार्डाशिवाय चालणाऱ्या मशीनवर हा फरक लगेच दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सचं कामही त्याच रॅममधून होतं. शिवाय बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, बंद असल्यामुळे ३२००ची पट्टी बिचारी २१३३वर चाललेली असते. तेवढं सुरू करून पोराला परत पाठवता आलं तर मला कार्ड विकल्यापेक्षा बरं वाटतं. हार्डडिस्कवर अजून गेम ठेवला असेल तर एसएसडी घ्यायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

खरी कसोटी लागते ती ऑफिसांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनवर. चौथ्या पिढीचा आय५, स्वस्तात मिळालेला. आमच्या तालुक्यात कित्येकांची सुरुवात त्यावरच होते. मशीन टणक असतं. पण बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, मदरबोर्डची पिनही निराळी. बाजारातला आणून थेट बसत नाही. कार्डासाठी वेगळी पॉवर वायरही नसते. मग स्लॉटमधून मिळतील तेवढ्या ७५ वॅटांतच भागवायचं. तिथे मी २०१९चं जीटीएक्स १६५० सुचवतो, तेही जादा पिन नसलेलं मॉडेल बघून, आणि कॅबिनेट अरुंद असेल तर लो प्रोफाइल. पोरं २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी मागतात. त्याला जादा पिन लागते, आणि पीसीआयईच्या चारच लेन ते वापरतं. जुन्या ३.०च्या बोर्डावर त्याची ४ जीबी मेमरी भरली की पुन्हा अडकणं सुरू. १६५०पेक्षा जास्त खर्च अशा मशीनवर करू नये, नव्या बोर्डासाठी पैसे साठवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएमपीएस घेताना खोक्यावरच्या ५०० वॅटवर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते वाचा. २० असतील तर तिथे २४० वॅटच मिळणार, आणि आरटीएक्स ३०६० एकटंच १७० मागतं. घरातला ६०० व्हीएचा यूपीएसही साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम रंगात आला असताना लाइट गेली की तो ओरडतो आणि बंद पडतो.

आणि मग आपला उन्हाळा. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४३-४४वर जातो. साधा कूलर चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७५वर राहणारा प्रोसेसर पत्र्याखालच्या ४२ अंशांत नव्वदीपार पोचतो, आणि आणखी तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. गेम अडकतो, दोष मात्र कार्डावर जातो. म्हणून पुढून काच असलेली दिव्यांची कॅबिनेट पोरांना कितीही आवडली तरी मी जाळीचीच घ्यायला लावतो. पुढे दोन पंखे, आणि धुळीची जाळी काढून धुता येईल अशी. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवू नका, हे वडिलांनाही सांगतो. थंडीत जोडून नेलेलं मशीन एप्रिलअखेर परत आणायला लावतो. धूळ काढतो, गरज असेल तर पेस्ट बदलतो, बायोसमध्ये पंख्यांचा वेग वाढवून देतो. आवाज जरा वाढतो, पण पोरं हेडफोन लावूनच खेळतात.