जवसाचा हात

अंबडकडच्या आमच्या घरात बारा बोअरची एक दुनळी आहे. परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, मग वडिलांच्या, आता माझ्या. दस्ता अक्रोडाचा. आमच्याकडे औताला बाभूळ आणि दाराला सागवान. अक्रोडाचं झाड मी काश्मीरला गेलो तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नीट वाळलेलं अक्रोड हवेनं फारसं आकसत-फुगत नाही आणि बाराचा धक्का न तडकता सोसतं.

लहानपणी या दस्त्याला जवसाच्या तेलाचा वास यायचा. रब्बीत हरभऱ्यामध्ये जवसाच्या ओळी असत, निळ्या फुलांनी भरलेल्या. तेल गावच्या घाण्यावर निघे. खंडेनवमीच्या आधी आजोबा तळव्यावर थेंबभर तेल घेऊन लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचे, मग आजी त्यावर हळदकुंकू वाहायची. १९७२ साली दुष्काळ पडला, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. आजोबांची शिकार थांबली. बंदूक उरली ती डुकरं-रोही हुसकायला हवेत बार काढण्यापुरती. पुढे शिवारात कपाशी आणि मोसंबी पसरली, जवस गेलं, घाणा बंद पडला. वडिलांनी मग चकचकीत वार्निश लावून घेतलं. ते मला कधीच आवडलं नाही. वार्निश लाकडाच्या वर बसतं, ओरखडा पडला की पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल आत मुरतं आणि हवेतला प्राणवायू घेऊन तिथंच घट्ट होतं.

यंदा ते वार्निश उतरवायचं ठरवलं. नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून दस्ता सोडवला. रंग काढायच्या द्रावणानं वार्निश मऊ केलं आणि बोथट लाकडी पट्टीनं ओढून काढलं. पॉलिशपेपर अगदी शेवटी, तोही लोखंडाला लाकूड भिडतं तिथं नाही. तिथं केसभर लाकूड झिजलं तरी लोखंड वर डोकावतं. मुठीवरच्या जाळीला फक्त दात घासायचा जुना ब्रश. पोचे काढायला ओलं फडकं आणि गरम इस्त्री. दबलेले तंतू वाफेनं फुगून वर येतात. तुटलेले येत नाहीत. ते घाव मी भरले नाहीत.

वार्निशाखाली कुंकू निघालं. तेलाबरोबर लाकडाच्या रेषांत उतरलेला लालसर डाग, अनेक खंडेनवम्यांचा. मित्र म्हणाला, ब्लीच लाव, निघून जाईल. गेलाही असता. पण लाकूड कोरं दिसावं म्हणून आजीच्या बोटाची जागा पुसून टाकणं मला मान्य नाही. डाग ठेवला.

तेल जालन्याच्या बाजारात मिळालं. पातळ हात द्यायचा, तळव्यानं जिरवायचा, उरलेलं पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. घाई केली की दस्ता चिकट राहतो. तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती अंगणात दोरीवर एकेक सुटी वाळत घातली. हरभऱ्यात टाकायला थोडं जवसाचं बियाणंही आणून ठेवलंय. घरचं तेल निघेपर्यंत बाजारचं चालेल.