पिंजऱ्यातील वसंत

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हे वचन आपल्या लोकांस फार प्रिय आहे. धान्य अधिक, दूध अधिक, परीक्षेतील गुण अधिक. जे जे अधिक ते ते चांगले, असे आपण सहसा धरून चालतो. ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हेही आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेविले आहे. परंतु ते आपणांस बहुधा दुसऱ्यास उपदेश करतानाच आठवते. या दोन वचनांतील जुना वाद आमच्या घरी एका पक्षिणीने पुन्हा उपस्थित केला.

ती कॉकटील जातीची. राखी अंग, डोक्यावर तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके. आमचे एक शेजारी बदली होऊन परगावी गेले, तेव्हा तिला पिंजऱ्यासह आमच्या स्वाधीन करून गेले. पुढे महिन्याभरातच तिने एक अंडे घातले. घरात बारशाच्या गोष्टी सुरू झाल्या. एक दिवसाआड एक, अशी पाच अंडी झाली. काही दिवसांनी दुसरी खेप आली आणि तिच्या मागोमाग तिसरी. वास्तविक घरात नर नव्हताच. तेव्हा या अंड्यांतून पिलू निघणे शक्य नव्हते. तिसऱ्या खेपेच्या वेळी मात्र ती पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिली, आणि घरातील बारशाची भाषा एकाएकी थांबली.

पशुवैद्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्हांस त्या पांढऱ्या अंड्यांचे मोल प्रथम कळले. अंड्याचे कवच चुन्याचे असते, आणि आहारातील चुना पुरेनासा झाला म्हणजे पक्षीण तो आपल्या हाडांतून काढून देते. खेपेमागून खेप झाली की हाडे ठिसूळ होतात, कवच मऊ पडते, स्नायूंचा जोर सरतो आणि अंडे वाटेतच अडते. अंडे अडले तर काही तासांतही प्राणावर बेतू शकते. पक्षीण कुंथू लागली, शेपूट खालीवर करून धापा टाकू लागली किंवा तिच्या पायांतील बळ गेले, तर घरगुती उपाय करीत न बसता तिला तत्काळ वैद्याकडे न्यावे. आमची पक्षीण वेळीच उपचार मिळाल्याने वाचली.

परंतु ती अशी अंडी घालीत का सुटली? याचे उत्तर तिच्या मूळ देशात आहे. कॉकटील आणि बजरीगर हे दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील पक्षी. तेथे पाऊस बेभरवशाचा. तो पडला, गवत दाण्यावर आले, की पक्ष्यांनी घरटे करावयाचे. नाही पडला तर वाट पाहावयाची. मुबलक दाणा हीच त्यांची लग्नतिथी! आणि आमच्या घरी तर दाण्याची वाटी कधी रिकामी होत नाही. पक्षिणीच्या हिशेबी आमच्या दिवाणखान्यात बारा महिने पाऊस पडून गेलेला असतो.

दुसरी खूण उजेडाची. कॅनडातील विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने १९२४ सालच्या कडाक्याच्या हिवाळ्यात जुंको नावाच्या चिमण्यांसारख्या पक्ष्यांस विजेच्या दिव्यांनी रोज थोडा थोडा अधिक उजेड दिला. बाहेर बर्फ असताना त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. आपल्या घरांतून मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात. तेव्हा पिंजऱ्यातला वसंत संपावा कसा?

तिसरी खूण सोबत्याची. हॅरिसन मॅथ्यूज या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले की, एकट्या कबुतरीस नुसता आरसा दिला तरी ती अंडी घालते. मग जिच्या पाठीवरून माणूस दिवसातून दहादा हात फिरवितो, तिची काय कथा! पाठ कुरवाळणे ही आपल्या दृष्टीने माया. पक्षिणीच्या भाषेत तो नराचा प्रणय होय.

चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण. अंडे दिसताच उचलून टाकावे, असे कोणासही सहज वाटेल. पण कित्येक पक्षी घरट्यातील अंड्यांची संख्या पुरी होईपर्यंत घालीतच राहतात. अमेरिकेत १८८३ साली एका सुतार पक्षिणीच्या घरट्यात एकच अंडे ठेवून बाकीची रोज उचलून नेली. तिने ७३ दिवसांत ७१ अंडी घातली.

उपाय या कारणांतूनच निघतात. सायंकाळ होताच पिंजरा शांत, अंधाऱ्या जागी न्यावा आणि बारा ते चौदा तास अंधार द्यावा. आरसा, घरटे, खोके आणि लपावयाचे कोपरे काढून घ्यावेत. पिंजऱ्याची जागा अधूनमधून बदलावी. हात फिरवावयाचा तो केवळ डोक्यावर व मानेवर. दाणे बेताचे द्यावेत, मात्र उपाशी ठेवू नये. हिरवा पाला, समुद्रफेन आणि कोवळे ऊन यांत कुचराई नको. घातलेली अंडी तिच्याजवळच राहू द्यावीत. सुमारे तीन आठवड्यांनी कंटाळून ती स्वतःच त्यांवरून उठते. नर सोबत असेल तर अंड्यांच्या जागी खोटी अंडी ठेवावीत. एवढ्याने न भागल्यास संप्रेरकांचा उपचार आहे, पण तो वैद्याच्या हातून. आमच्या घरी संध्याकाळचा अंधार आणि बेताची वाटी यांनीच हळूहळू गुण आला.

येथे एका विसंगतीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते. तिचीच वंशज असलेली व्यापारी कोंबडी सुमारे तीनशे घालते. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड हे त्याचे मुख्य कारण खरे. परंतु तेथेही सोळा तास दिवे जळतात, दाणा सरत नाही आणि अंडे रोज उचलले जाते. ठिसूळ हाडांचे दुखणे तिलाही चुकत नाही. जे एका पिंजऱ्यात रोग ठरते तेच दुसऱ्यात उत्पन्न म्हणून मोजले जाते. फरक इतकाच की, एकीला आपण नाव ठेविले आहे!

पाळलेल्या जिवाला आपण अन्न देतो, उजेड देतो, माया देतो. त्याचा ऋतू मात्र नकळत काढून घेतो. वसंत गोड लागतो तो संपतो म्हणून. ज्याला शिशिर नाही त्या वसंतात देह झिजतच जातो. म्हणून पाखरावर खरा लोभ असेल त्याने त्याला दाण्याबरोबर थोडी रात्रही द्यावी. दिवा लावणे हे प्रेमाचे लक्षण आहेच. वेळेवर तो मालविणे हेही त्याहून कमी नाही.