आरे : दुधाचे गाव, भाजीचे पाडे

मुंबईकराला 'आरे' हा शब्द प्रथम भेटला तो दुधाच्या बाटलीवर. काचेची ती बाटली, तिच्या तोंडावरचे चकचकीत टोपण, पहाटेची रांग आणि हातात जपून धरलेले दुधाचे कार्ड, हे सारे आठवणारे लोक आता आजी-आजोबा झाले आहेत. त्यांना विचारा, ते सांगतील की रविवारी डबे बांधून आरेला जाणे ही त्या काळची मोठी चैन होती. मुलांना 'छोटा काश्मीर' दाखवायचा, म्हशींचे स्वच्छ गोठे दाखवायचे, आणि 'बघा हं, आपले दूध इथून येते' असे सांगायचे.

पण आरेतून मुंबईत दूध येते तशी भाजीही येते, आणि ती पिकवणारी माणसे दुधाच्याही आधीपासून तिथे आहेत, हे फारसे कोणी मुलांना सांगत नाही. म्हणून यंदा दिवाळीच्या निमित्ताने वाचकांना त्या बाजूने आरेत नेण्याचा हा खटाटोप.

जायला काही अवघड नाही. गोरेगाव स्टेशनावर पूर्वेला उतरावे, बस धरावी, द्रुतगती महामार्ग ओलांडला की पाच मिनिटांत हवा बदलते. अंधेरीकडून येणाऱ्यांना मरोळवरून वाट आहे, घाटकोपर-मुलुंडकडच्या मंडळींना पवईवरून. ऑक्टोबर २०२४ पासून तर भुयारी मेट्रोही आरेच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते. रस्ता मोठ्या झाडांच्या सावलीतून वळणे घेत जातो. मधूनच गोठ्यांचा ओला, उबदार वास येतो. पावसाळा सरता सरता आलात तर गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. उत्तरेला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, पलीकडे १८६० सालचा विहार तलाव. बिबट्याला या दोन्हींमधली हद्द ठाऊक नाही. तो इकडेही येतो, तिकडेही जातो.

मोठ्या रस्त्यावरून आत वळले की पाडे लागतात. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, चाफ्याचा पाडा, वनीचा पाडा. नावे वाचूनच कळते की ही कोणा अधिकाऱ्याने टेबलाशी बसून ठेवलेली नाहीत. असे सत्तावीस पाडे आरेत आहेत असे मोजतात. वस्ती मुख्यतः वारल्यांची. घरामागे वाफे, वाफ्यांवर मांडव, मांडवावर पडवळ, शिराळी, दुधी. खाली अळू, केळी, भेंडी. पावसाळ्यात खाचरांतून भात. पाठीमागच्या आकाशात वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या, आणि पुढे एक बाई गुडघाभर चिखलात वाकलेली, असे दृश्य या महानगरात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पाड्यावरचे खरे पंचांग मात्र रानभाज्यांचे. पहिला पाऊस पडला की शेवळे वर येतात. ती खाजरी, म्हणून विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट फळे देते, आणि ती घातल्याशिवाय भाजी करू नका असे बजावते. कायस्थ प्रभूंच्या घरांतून या शेवळांची वर्षभर वाट पाहिली जाते. त्यामागून टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी. आषाढी एकादशीचा उपास सोडताना वाघेटीची भाजी हवी म्हणणारी घरे अजून आहेत. वाघेटी काही सुपरबाजारात मिळत नाही. श्रावणात कंटोली. गोरेगाव, बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर गोणपाटावर हिरव्या जुड्या मांडून बसलेल्या बाया आपण रोज पाहतो. त्यांतल्या कितीतरी या पाड्यांवरून आणि उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमधून आलेल्या असतात.

एका पाड्यावर फोडशी निवडत बसलेल्या आजींना मी विचारले, "आजी, उद्या बाजारात काय न्यायचे हे कसे ठरवता?" त्यांनी जुडीतला टणक पांढरा दांडा मोडून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "घरात पुरेल एवढं आधी ठेवायचं, ताई. कंद उपटायचा नाही. उरेल ते बाजारात." अन्नाचे एक सबंध धोरण या तीन वाक्यांत आले. ते कोणत्या कचेरीने ठरवले नाही. त्या रानात जेवणाऱ्या माणसांनी ठरवले.

आता दुधाची गोष्ट पाहा. शहरातले तबेले आणि त्यांची घाण हलवावी, मुंबईला स्वच्छ आणि रास्त भावाचे दूध मिळावे, या चांगल्या हेतूने १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे कर्ते पुरुष. जवळजवळ १३०० हेक्टर जमीन, बत्तीस गोठे आणि सोळा हजारांच्या घरात म्हशींची सोय, असा तो पसारा होता. म्हशी मालकांच्याच राहिल्या; गोठा सरकारचा, दूध सरकार घेणार. गोठे धुतलेले पाणी गवताच्या शेतांना, ते गवत पुन्हा म्हशींना, अशी सारी व्यवस्था विचारपूर्वक आखलेली होती. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. खुरोडींच्या कर्तबगारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. फक्त एवढेच, की त्या आखणीत इथल्या पाड्यांना कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. आमची भाताची खाचरे गोठ्यांत आणि गवतात गेली, असे पाड्यांवरची वडीलधारी माणसे सांगतात. ज्यांची खाचरे गेली त्यांतले काही मग त्याच वसाहतीत मजुरीला लागले.

याच मुंबईच्या दुधासाठी चारशेहून अधिक किलोमीटरवर वेगळे घडले होते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला यायचे, पण ठेका एका खासगी कंपनीकडे, आणि भावात शेतकऱ्याला विचारतो कोण? ते सरदार पटेलांकडे गेले. जानेवारी १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, आणि पुढे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी कंपनीला थेंबभर दूध घातले नाही. मुंबईची कोंडी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणंदला त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे धुरीण, आणि पुढे व्हर्गिस कुरियन त्यांना येऊन मिळाले. १९६३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास या तिघांना मिळून देण्यात आला.

पुरस्कार एक, पण वाटा दोन. एका वाटेवर शहाण्या माणसाने लोकांसाठी योजना केली. दुसऱ्या वाटेवर दूध घालणाराच योजनेचा मालक झाला. आज सकाळी आपल्या दाराशी आणंदची पिशवी सहज येते, आरेची पिशवी मात्र शोधावी लागते. याची कारणे अनेक असतील. पण दूध घालणारा त्या संघाचा सभासद होता, त्याला तिथे मत होते, हे एक कारण खचितच आहे.

पाड्यांना तसे मत अजून पुरते मिळालेले नाही. वसाहतीची जमीन सरकारच्या दुग्धविकास खात्याची. वाफा आजीच्या घामाचा असला तरी सातबारा तिच्या नावाचा नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी पाडा हलला, ऑक्टोबर २०१९ मध्ये झाडे तुटली, मोठी चळवळ झाली. त्यानंतर २०२० साली ८१२ एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली. झाडांना त्याने आधार मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु राखीव वन करताना तिथल्या लोकांचे दावे ऐकून घ्यावेत असे १९२७ चा वन कायदाच सांगतो, आणि २००६ चा वनहक्क कायदा तर कसण्याचा, गौण वनोपज गोळा करण्याचा नि विकण्याचा हक्क मान्य करतो. जंगल राखायचे म्हणून फोडशी खुडणाऱ्या हाताला मज्जाव केला, तर रान राहील, भाजी जाईल, आणि कंद उपटू नये हे सांगणारे माणूसही जाईल.

आपल्यासारख्या शहरी कुटुंबांना यात काय करता येईल, असे वाचक विचारतील. फार मोठे काही नाही. स्टेशनाबाहेरच्या बाईकडून जुडी घ्यावी, दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये, आणि 'मावशी, ही कशी करायची?' असे अवश्य विचारावे. पाककृती फुकट मिळते. आरेबद्दल, उद्यानाबद्दल काही ठरत असेल तेव्हा 'पाड्यांना विचारले का?' हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारायला हवा. ते काम झाडे मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. पुष्कळ घरांतल्या बायका त्या दिवशी दूध घेत नाहीत, ते वासराचे म्हणून. त्याच दिवशी आरेतले पाडे वाघबारस पाळतात. शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे नैवेद्य ठेवतात आणि माणसांना, गुरांना सांभाळ म्हणून मागणे मागतात. वासराचा वाटा वासराला आणि वाघाचा वाटा वाघाला देणारा हा दिवस आहे. यंदा पणती लावताना, आपल्या ताटातल्या भाजीचा वाटा जिच्याकडून येतो त्या बाईलाही त्या हिशेबात धरावे.