मॉरिशसचे काळे दगड

मॉरिशसला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिला प्रश्न बीचबद्दल विचारतात आणि दुसरा खर्चाबद्दल. बीचबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, फोटोत दिसतं तसंच आहे. आई घोटाभर पाण्यात उभी राहून आली, बाबा वाळूत चप्पल घालून बसले. संपलं. खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त कुरकुर ज्या गोष्टीवर झाली ती म्हणजे एका दिवसाची प्रायव्हेट टूर, आणि पैसे सगळ्यात जास्त वसूलही तिथेच झाले. म्हणून आज फक्त त्या एका दिवसाबद्दल.

तर प्रकार असा. हॉटेलच्या टूर डेस्कवर बेटाचा नैऋत्य भाग दाखवणारी बस मिळते. चाळीसेक माणसं, पाच-सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि मध्ये एका दुकानात मात्र पाऊण तास (हे जगभर सारखंच!). दुसरा पर्याय म्हणजे एक गाडी, गाडी चालवणारा तोच गाईड, आणि दिवसभर तुम्ही म्हणाल तिथे थांबा. तिघांचं बसभाडं आणि या गाडीचे पैसे यात जवळजवळ दुपटीचा फरक होता. त्यात त्यांच्याकडेही रुपयाच चालतो, पण त्यांचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन. आईने हा हिशोब पहिल्याच दिवशी पाठ केला होता, त्यामुळे लपवायला काही जागा नव्हती. "बसमधे काय काटे हायेत का?" इति बाबा. मी आईचे गुडघे पुढे केले. आईने लगेच "माह्ये गुडघे मधात आणू नको" म्हणून सांगितलं. शेवटी मी पैसे भरून टाकले आणि मग सांगितलं. हा आमच्या घरात चालणारा एकमेव मार्ग आहे.

महिना मे, साल २०२५. वर्ध्याच्या उन्हाळ्यातून सुटका आणि मृगाच्या आत घरी परत, या अटीवर बाबा आले होते. सकाळी आठला फ्लिक-आँ-फ्लाकच्या हॉटेलसमोर गाडी आली. गाईड पन्नाशीचे, उंच, सावळे, इस्त्रीचा शर्ट. आम्ही तिघं गाडीत पुढे कोण बसणार यावर वाद घालत होतो. ते ऐकून म्हणाले, "तुमी मराठी? आमी पन मराठी." आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानंतर दिवसभर ते 'भाऊ' झाले. त्यांचं मराठी शाळेत विषय म्हणून शिकलेलं आणि आजीकडून थोडं ऐकलेलं. ते संपलं की हिंदी, हिंदी संपली की इंग्रजी. फोनवर बायकोशी मात्र क्रिओल. आडनाव म्हणजे पणजोबांच्या बापाचं नाव, पुढे 'जी' जोडलेलं. कारकुनाने लिहिलं तेच कायम झालं.

पहिला थांबा यादीत नव्हताच. किनारा सोडून गाडी वर पठाराकडे निघाली की दोन्ही बाजूला ऊस. ऊस उभा होता, आणि मधूनच त्या उसाच्या वर काळ्या दगडांचे मोठाले ढीग डोकं काढून बसलेले. काही घराएवढे, काहींवर झाडं उगवलेली. मला वाटलं जुनी बांधकामं असतील. बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा तं आपल्याच वावरातला गोटा हाय."

मी हसलो. पण दगड हातात घेतला तर खरंच तसाच. काळा, जड, बारीक बारीक भोकांचा. सिंदी मेघेत आमच्या धुऱ्यावर असे गोटे ढिगाने पडलेले आहेत. आजोबांनी आणि बाबांनी वखरणीच्या आधी दरवर्षी वेचून टाकलेले.

"एवढे गोटे येचले कोनं?" बाबांनी विचारलं. भाऊंना शब्द कळला नाही, पण बाबांचा हात ढिगाकडे होता. म्हणाले, "हमारे लोगों ने. हाथ से."

मग पुढचा अर्धा तास गाडीत जे ऐकलं ते मी पुस्तकात दोन ओळींत वाचलं होतं. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' जहाजातून छत्तीस माणसं उतरली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून जास्त आली. पोर्ट लुईचा तो धक्का म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बहुसंख्य माणसं बिहार-उत्तर प्रदेशाकडची, नंतर तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं, मुख्यतः कोकणातली. पाच वर्षांचा करार, सुरुवातीच्या काळात महिना पाच रुपये. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांचा पगार कापायचे. (आमच्या आयटीतल्या लोकांनी 'लॉस ऑफ पे' म्हणून रडताना हे आठवावं.) आणि भरती करणारे काय सांगायचे, तर म्हणे तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ही गोष्ट तिथे घराघरात सांगतात. तर दगड उलटून उलटून हे ढीग झाले. ऊस लावायला जमीन मोकळी झाली, सोनं मळेवाल्याला सापडलं. पुढे यंत्रं आली, बरेच ढीग बुलडोझरने हलवले, काही फोडून बांधकामाला गेले. जे दिसतात ते उरलेले.

क्युरपिपला त्रू-ओ-सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे. नावाचा अर्थ हरणांचं भोक. वर्तुळाकार खड्डा, साधारण तीनशे मीटर रुंद, आत झाडी आणि तळाशी थोडं पाणी. खरं सांगायचं तर लोणार पाहिलेल्या माणसाला हे किरकोळच वाटतं. लोणार पावणेदोन किलोमीटरच्या वर आहे. पण लोणार वरून उल्का आदळून झालेलं आणि हे खालून फुटलेलं. काठावर उभं राहून बाबांनी दगडाचा विषय परत काढला. इथला दगड आपल्यासारखा कसा?

इथे मात्र माझं इंजिनीअरिंग नाही, तर आदल्या रात्री केलेलं वाचन कामी आलं. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की हिंदी महासागराच्या या भागाखाली पृथ्वीच्या पोटात एक कायम तापलेली जागा आहे. तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात (वायफायवाला नव्हे). साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत या जागेच्या वरून सरकत होता. तेव्हा जो लाव्हा बाहेर पडला तो म्हणजे दख्खनचं पठार. आजही पाच लाख चौरस किलोमीटर पसरलंय, पश्चिमेकडे जाड आणि आपल्याकडे नागपूरच्या आसपास पातळ होत संपतं. भारत उत्तरेला निघून गेला, तापलेली जागा आपली चालूच. मग लक्षद्वीप-मालदीव-चागोसची रांग झाली. मग मधला समुद्रतळ फाटला, तापलेली जागा दुसऱ्या प्लेटखाली आली आणि ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर यायला लागलं. आता ती रियुनियन बेटाखाली आहे, मॉरिशसपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि तिथला ज्वालामुखी अजून दर काही महिन्यांनी पेटत असतो.

बाबांना हे काही पटेना. आईने सोपं करून सांगितलं. "अहो, शेगडी जागेवर हाय आन वरतून पापड सरकवून राह्यले. जिथं आंच लागली तिथं फोड आला. आपला फोड पह्यले आला, यायचा नंतर." दहा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दोन वाक्यांत! भाऊ एवढे खूश झाले की त्यांनी ते आईकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुढच्या पाहुण्यांना सांगणार म्हणाले. 'पापड' तिथेही पापडच आहे.

गंगा तलाव, म्हणजे ग्राँ बासाँ, हेही ज्वालामुखीचं तोंडच, त्यात साठलेलं पाणी. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक चालत येतात. १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे. आईने तिथे तास घेतला. बसमध्ये वीस मिनिटं मिळाली असती, एवढंच लिहितो.

तिथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे सदुसष्ट चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या निम्मं. "वाघ हाय का?" नाही. "बिबट?" नाही. माकडं आहेत, तीही बाहेरून आणलेली. बाबांचा उत्साह तिथेच संपायचा, पण भाऊंनी आम्हाला दरीच्या कठड्यापासून बाजूला पायवाटेवर नेलं आणि झाडं दाखवायला सुरुवात केली. हे इथलं, हे बाहेरचं, हे बाहेरचं, हेही बाहेरचं. डच लोकांनी आबनूस तोडून नेला, जावातून हरणं आणली. डोडो त्याच सतराव्या शतकात संपला. चायनीज पेरू नावाचं झुडूप एवढं माजलंय की मूळ रोपाला जमिनीवर जागा मिळत नाही. गंमत म्हणजे तेव्हा त्याचाच हंगाम होता. लाल, बोराएवढे आंबटगोड पेरू. आईने ओचा भरून घेतला. जंगलाचा शत्रू आम्ही यथाशक्ती खाल्ला. :)

मॉरिशसचा ससाणा इथेच वाचला. १९७४ मध्ये रानात फक्त चार पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, परत सोडून ही जात शेकड्यांवर नेली. आम्हाला ससाणा दिसला नाही. एक गुलाबी कबूतर दिसलं, तेही भाऊंनी दाखवल्यावर. त्यांच्या लहानपणी हे कबूतर फक्त चित्रात होतं म्हणाले. पन्नाशीचा माणूस कबुतराबद्दल बोलताना आवाज खाली आणतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

शामारेलची सात रंगांची माती हा या भागातला सगळ्यात प्रसिद्ध पॉइंट. खाजगी पार्क, तिकीट, लाकडी कठडा, आत उंचसखल उघडी माती. तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळसर. फोटोत दिसते त्याच्यापेक्षा लहान आहे. पण कारण मोठं छान आहे. दगड तोच आपला. कमी पावसात त्याची चिकण, भेगा पडणारी काळी माती होते. धो धो पावसात सिलिका वाहून जाते, लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात आणि माती रंगते. कोकणातला जांभा तसाच झालेला. म्हणजे रत्नागिरीकडून बोटीत बसलेला माणूस महिन्याभराने उतरला तेव्हा पायाखाली ओळखीची तांबडी मातीच आली असेल. बाबांना माती हातात घेऊन पाहायची होती. कठड्याच्या आत जाऊ देत नाहीत. ते बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते. शेवटी म्हणाले, "रंगीत हाय, पन कपाशी नाही येणार."

उतरताना समोर समुद्र आणि ल मोर्नचा कातळ दिसतो. पळून गेलेले गुलाम याच कातळावर लपायचे. त्या रस्त्यावर बाबांनी भाऊंना विचारलं, शेती आहे का. मला वाटलं सहज विचारलं असेल.

होती म्हणाले. तीन अर्पां. अर्पां म्हणजे आपल्या एकराहून थोडंसं जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मळेवाल्यांनी कडेकडेची जमीन तुकडे पाडून जुन्या मजुरांना विकायला काढली, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी बचतीतून घेतली. त्या तुकडे पाडण्याला तिथे मॉर्सेलमाँ म्हणतात. चार पिढ्या ऊस झाला. मग युरोपने साखरेचा हमीभाव २००६ पासून टप्प्याटप्प्याने छत्तीस टक्क्यांनी उतरवला, लहान शेतकऱ्याला परवडेना. वडील गेल्यावर भावांनी मिळून विकली. आता त्यावर बावीस घरं आहेत. आणि घरांच्या लेआउटलाही तिथे मॉर्सेलमाँच म्हणतात. शब्द तोच.

"मंग तुमच्या वाट्यात काय आलं?"

भाऊंनी स्टिअरिंगवर हात मारला. "ही गाडी."

बाबा गप्प बसले. नंतर गाडी किती ॲव्हरेज देते ते विचारलं.

सांगायला हवं की सिंदी मेघेत आमचं अडीच एकर वावर आहे आणि त्याच्या तीन बाजूंना लेआउट पडलेत. चौथ्या बाजूला नाला. प्लॉटवाला दोन वर्षांपासून फेऱ्या मारतोय. भाव चांगला आहे, मी पुण्यात, बाबा एकसष्ट वर्षांचे, रानडुकरं आणि मजुरीचे दर दोन्ही वाढलेले. मी विकण्याच्या बाजूचा आहे. मॉरिशसहून परत आल्यावरही त्याच बाजूचा आहे. भाऊंनाही त्या गाडीबद्दल वाईट वाटताना मला दिसलं नाही. मुलीचं इंजिनीअरिंग त्याच गाडीवर चाललंय.

हॉटेलवर सोडण्याआधी त्यांनी कास्कावेलला टेकडीवरचं मराठी माणसांचं देऊळ दाखवलं. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, गोंधळ आणि जाखडी अजून होते, वगैरे आईला भरभरून सांगितलं. आईने विचारलं, "मुलगी मराठी बोलते का?" ते म्हणाले, "समजते." आईने बोरं ठेवायला आणलेल्या पिशवीतले उरलेले पेरू त्यांच्या मुलीसाठी दिले. तिथलेच, तिथेच. त्यांनी घेतले.

मृगाच्या आत आम्ही घरी आलो. जूनमध्ये प्लॉटवाला आला. बाबांनी त्याला बसवलं, चहा दिला, अर्धा तास मॉरिशसच्या दगडांबद्दल सांगितलं आणि म्हणाले, कापूस घरात येऊ दे, मग पाहू. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते.