आखडलेला दोर

अकरावीच्या दिवाळीत आई मला एका अ‍ॅडमिशन कन्सल्टंटकडे घेऊन गेली. मला अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करायचे होते. त्यांनी मार्क पाहिले आणि विचारलं, "रिसर्च पेपर आहे का?"

"मी आजीच्या विहिरीचं पाणी मोजतेय. जूनपासून, दर रविवारी."

ते हसले. "विहिरीत कसला रिसर्च? विषय आम्ही देतो, गाईड आम्ही देतो, छापूनही आम्हीच आणतो." फी आईच्या दोन पगारांएवढी होती.

आजीचं घर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. अंजीर-सीताफळांचा भाग, पण पाण्याची कायम ओढाताण. आजी पाणी 'परस'मध्ये सांगते, "यंदा दोनच परस पाणी." मला फुटांत हवं होतं. म्हणून सुती दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि पाऊस मोजायला बाटली कापून ठेवली. ऐन पावसाळ्यातही पाणी अपेक्षेएवढं चढेना. शेजारच्या अण्णांनी मे महिन्यात बोअर मारली होती. माझा निष्कर्ष तयार झाला आणि मी तो गावभर सांगितलाही.

कन्सल्टंटकडून आल्यावर त्याच आठवड्यात गावी गेले. सहज म्हणून दोर पट्टीवर ठेवला. गाठी फुटावर नव्हत्याच, साडेअकरा इंचांवर होत्या. सुती दोर भिजून आखडला होता. दर गाठीला अर्धा इंच म्हणजे 24 गाठींना पूर्ण एक फूट चूक. पाणी होतं त्यापेक्षा मला खोल दिसत होतं. दोर नेमका कधी आखडला ते माहीत नव्हतं, त्यामुळे जुने आकडे दुरुस्तही करता येईनात. पाच महिने पाण्यात!

त्या रात्री आईला फोन करून "पैसे भरून टाक" म्हणणार होते. आजी एवढंच म्हणाली, "दोर बदल की."

जुने आकडे खोडले नाहीत. त्यांच्यावर लाल रेघ मारून शेजारी कारण लिहिलं आणि फायबरचा टेप आणला. पुन्हा वर्षभर मोजलं. अण्णांकडून पंप कोणत्या दिवशी चालला याची नोंद घेतली. पंप चालू आणि बंद असलेल्या दिवसांत माझ्या टेपला दिसेल असा फरक नव्हता. विहीर मुख्यतः पावसाच्या मागे चालत होती. आमचा बेसॉल्टचा खडक पाणी फारसं साठवत नाही. ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत राहतं, म्हणून विहीर भरते लवकर आणि उतरतेही लवकर.

कॉमन अ‍ॅपच्या अर्जात 10 अ‍ॅक्टिव्हिटी लिहिता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला जागा 150 अक्षरांची. त्यात विहीर आणि विकतचा पेपर सारखेच दिसले असते. फरक पडला तो 650 शब्दांच्या निबंधात आणि मुलाखतीत. मी निबंध दोरावर लिहिला. मुलाखतीत प्रश्न आला, "चूक सापडली नसती तर काय झालं असतं?" मी म्हणाले, "एका माणसावर खोटा आळ राहिला असता." मग बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. विकतच्या पेपरवर मी दोन मिनिटंही बोलू शकले नसते.

आठ अर्जांपैकी सहा नकार, एक प्रतीक्षायादी, एक होकार, तोही स्कॉलरशिपसह. होकार विहिरीमुळेच आला असा दावा मी करणार नाही. आता ते मोजायला माझ्याकडे टेप नाही. आणि जेईईच्या रँकमध्ये अशा प्रोजेक्टला शून्य किंमत, हेही खरं. पण तुमच्या घराजवळ असं काही असेल, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय, तर या रविवारी मोजायला लागा. फक्त आधी पट्टी तपासा.

निघायच्या आधी अण्णांची माफी मागायला गेले. ते चहा ओतत म्हणाले, "म्हणजे आमची बोअर सुटली म्हण की!"