जेनीचं लग्न आणि काकूचं मत

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवतेय का मंडळी? २०१२ साली झी मराठीवर लागायची, मी तेव्हा शाळेत होतो. घना सॉफ्टवेअरवाला, त्याला अमेरिकेला जायचंय. राधाला लग्नच करायचं नाहीये. घरच्यांची कटकट मिटावी म्हणून दोघं ठरवून लुटुपुटुचं लग्न करतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी समोर असताना पुढे काय होणार हे आमच्या आजीलासुद्धा पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. करार हा नुसता बहाणा, खरा माल प्रेमाचाच.

हल्लीच वाचलेल्या एका कादंबरीत हा बहाणा नाही. जॉर्जेट हेयर या इंग्रज बाईंची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’, १९६१ ची. काळ १८१४-१५, म्हणजे आपल्याकडे पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाचा. आडम डेव्हरिल हा लढाईवर असलेला कॅप्टन. वडील वारतात आणि त्याला उमरावकी मिळते, सोबत डोंगराएवढं कर्ज. वडिलोपार्जित जमीन विकायची पाळी येते. त्याचं प्रेम ज्युलियावर, ती दिसायला परी. पण चॉली नावाचा एक गडगंज व्यापारी पुढे येतो: माझ्या मुलीशी लग्न कर, कर्जाचं मी बघतो. ती मुलगी म्हणजे जेनी. बुटकी, जाडसर, व्यवहाराला पक्की. ज्युलियाची शाळेतली मैत्रीण. तिला आडम आधीपासून आवडत असतो, पण हे ती त्याला कळू देत नाही.

लग्न होतं. पुढची कादंबरी म्हणजे घर लावणं, सासऱ्याच्या भपकेबाज भेटी पचवणं, मूल होणं आणि आडमचं शेतीत रमणं. (पाण्याचा निचरा, नवीन पिकं... आमच्या गावात लगेच खपेल.) शेवटी तो जेनीला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती मनात ओळखते की ज्युलियावर होतं तसलं हे नाही. आणि तरी ती सुखात असते. संपली कादंबरी.

हेयरच्या वाचकांत या पुस्तकावरून कायम दोन तट. एकाचं म्हणणं, ही प्रेमकथाच नव्हे, तडजोडीला मुलामा दिलाय. दुसऱ्याला ही तिची सगळ्यात खरी कादंबरी वाटते. गंमत म्हणजे विशीत पहिल्या तटात असलेली माणसं पुढे दुसऱ्यात गेलेली दिसतात. आमच्या टीममधली एक मैत्रीण सध्या पहिल्या तटात आहे. “बिचारी आयुष्यभर सेकंड चॉइस! आणि आपण टाळ्या वाजवायच्या?” माझी तक्रार वेगळी आहे. हेयरबाईंनी पत्ते पिसतानाच हातचलाखी केलीय. ज्युलियाला इतकी नाटकी दाखवलीय की वाचक आपोआप जेनीकडे वळतो. ज्युलिया समंजस असती तर? तेव्हा खरी परीक्षा होती.

असो. मागच्या शनिवारी गावी गेलो होतो, नारायणगावजवळ. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर ही गोष्ट सांगितली. माझा चुलतभाऊ, वय ३२, चार एकर बागायत, टोमॅटो नि द्राक्षं, निर्व्यसनी, आणि पाच वर्षं झाली स्थळं बघतोय. मुलींना पुण्यातला नोकरदार हवा. त्याचं मत एका वाक्यात: “जमीन वाचली, बायको चांगली मिळाली, मग येडा रडतोय कशाला?”

काकूचं माहेर जुनं आंबेगाव. (नाव तालुक्याला राहिलं, गाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव.) पाणी चढणार, जमीन जाणार हे दिसायला लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी घाईने बागायतवालं घर बघून तिला उजवलं. काकांना तेव्हा दुसरी मुलगी पसंत होती. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. (काकूला विचारूनच लिहितोय.)

काकू लसूण सोलत ऐकत होती. म्हणाली, “तिला आधीच ठाव होतं ना रं? मग बरंय की. मला तीन वर्षांनी कळलं.”

कुणी काही बोललं नाही. मग तिनेच विचारलं, “शेवटी बोलून दाखवलं का त्यानं तिला?”

“हो, सांगितलं.”

“ह्यांनी नाय दाखवलं अजून,” म्हणाली आणि हसली. काका आत टीव्ही बघत होते. भावाला एकदम मोटर चालू करायची आठवण झाली. आमच्याकडे रात्रीची लाइट अशा वेळी फार उपयोगी पडते :-)

मैत्रिणीला जेनीची कीव येते, मला येत नाही, त्याचं कारण मला काकूमुळे सापडलं. या करारातली सगळी कलमं जेनीला ठाऊक होती, समोरच्याच्या मनातलीसुद्धा. अंधारात होता तो आडम.

पुढच्या रविवारी मंचरला मुलगी बघायला जायचंय. बायोडेटात माझा पगार, फ्लॅट आणि वडिलांची एकरं सगळं गेलंय. माझीही एक ज्युलिया होती, ती आता टोरांटोला असते, हे कुठल्याच रकान्यात नाही. मुलीशी पाच मिनिटं एकटं बोलायला मिळालं तर सांगणार आहे. आई म्हणतेय, गप बस, हातचं स्थळ जाईल. काकू म्हणाली, सांग.

बघू. लिहिण्यासारखं काही झालं तर पुढच्या वीकएंडला लिहीन.